डबीतला लहान कप्पा

आधी एक काम करा. आरशासमोर उभे राहा, तोंड उघडा आणि आपलीच तीन बोटं एकावर एक धरून दातांच्या मधून आत घाला. गेली तर निवांत बसून हे वाचा. दोनच गेली असतील तर वाचून झाल्यावर दातांच्या डॉक्टरकडे जा. एकच गेलं असेल तर वाचत बसू नका, आधी जा. माझं लिखाण कुठे पळून जात नाही.

मी यशवंत, राहणार सावली, तीस वर्षं बसवर कंडक्टर. सध्या माझा डावीकडचा जबडा अर्धाच आहे आणि गालाच्या आतून माझ्याच छातीची कातडी लावलेली आहे. त्या कातडीला अजून आपण छातीवरच आहोत असं वाटतं, त्यामुळे माझ्या तोंडात केस उगवतात. माझी मुलगी प्रज्ञा म्हणते, बाबा, हे लिहू नका, लोक घाबरतील. मी म्हणतो, मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर पहिला केस जिभेला लागला तेव्हा मी एवढा घाबरलो नसतो. म्हणून सगळं लिहितो आहे.

चुन्याने भाजलं

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे खर्रा कुणाला सांगावा लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो. सुपारी, तंबाखू आणि चुना एका प्लास्टिकच्या पन्नीत घालून ठेलेवाला तो बराच वेळ घासतो आणि पुडी बांधून हातात देतो. आमच्याकडे मयतीला जा, लग्नाला जा, नाहीतर तहसीलमध्ये जा, खर्रा पुढे केल्याशिवाय बोलणं सुरू होत नाही.

माझा खर्रा मात्र पन्नीत राहायचा नाही, कारण माझ्याकडे डबी होती. माझे बाबा सुतारकाम करायचे. बैलगाडीची चाकं, दारं, नांगर, जे गावाला लागेल ते. मला नोकरी लागल्याचा कागद आला त्या आठवड्यात त्यांनी शिवणीच्या लाकडाची एक डबी केली. तळहाताएवढी, एकही खिळा नाही, झाकण खाचेतून सरकणारं. आत दोन कप्पे, एक मोठा आणि एक लहान. पहिल्या ड्युटीला निघालो तेव्हा त्यांनी ती माझ्या खाकी शर्टाच्या खिशात घातली. बाबा फार कमी बोलायचे. तेव्हाही काहीतरी दोन शब्द बोलले, पण माझं सगळं लक्ष नव्या शर्टाकडे होतं. डबीत खडीसाखर होती. नोकरी लागली म्हणून तोंड गोड करायला दिली असेल, असं समजून मी ती मूल गाव येईपर्यंत संपवली.

त्या गाडीवर ड्रायव्हर होते रशीदभाऊ. माझ्याहून पाच वर्षांनी मोठे. मूलच्या स्टँडवर त्यांनी डबी हातात घेतली, झाकण दोनदा सरकवून पाहिलं आणि खूश झाले.

"क्या बात है यशवंत! इथी तमाखू, इथी चुना. चुन्याले वेगळं घर! तुह्या बानं लय डोकं लावलं गा."

परतीच्या फेरीला डबी भरलेली होती. पुढे तंबाखूची जागा खर्ऱ्याने घेतली, पण डबी तीच राहिली. तिचे कोपरे खिशात घासून गोल झाले. बाबा गेले, त्यांनी केलेली दारं दुसऱ्यांच्या घरांना लागलेली, गाड्या मोडीत गेल्या. त्यांच्या हातचं माझ्यापाशी तेवढंच उरलं होतं. मी ती प्रवाशांनासुद्धा दाखवायचो. सुट्टे नसले तर नसू दे, पण डबी पाहा, माझ्या बाबांनी केली आहे.

तर एका वर्षी धान कापणीच्या दिवसांत डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा आला आणि तिखट झोंबायला लागलं. मी ठरवून टाकलं, चुन्याने भाजलं. रशीदभाऊही तेच म्हणाले. डेपोत ज्याला विचारलं तो हेच म्हणाला, कारण प्रत्येकाला कधी ना कधी चुन्याने भाजलेलं असतं. मी गालाला तूप लावलं, कात लावला, खर्रा उजव्या गालात ठेवायला लागलो, ठेला बदलला. एवढं सगळं केलं, खर्रा तेवढा सोडला नाही. तोंड उघडेना तेव्हा आम्ही विश्रांतिगृहात बोटांची शर्यत लावली. ज्याची तीन बोटं जातील त्याला बाकीच्यांनी चहा पाजायचा. चहा कुणालाच मिळाला नाही आणि आम्ही सगळे पोट धरून हसलो.

रिपोर्टचा दिवस

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी गडचिरोलीला तपासलं. "अजून उघडा," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "एवढंच उघडते, मॅडम." त्यांनी टॉर्च बंद केला आणि हात धुवायला गेल्या. फार वेळ धूत होत्या. तीस वर्षं मी माणसांचे चेहरे पाहून विनातिकीट ओळखले आहेत, मला तिथेच कळलं. तरी गालाचा तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि रिपोर्ट येईपर्यंतचे आठ दिवस मी रत्नाला, म्हणजे बायकोला, दाढ दुखते असं सांगत राहिलो.

रिपोर्ट घ्यायला रशीदभाऊ सोबत होते. ते रिटायर झालेले, त्यामुळे मोकळे. कॅन्सर हा शब्द मॅडमनी एकदाच उच्चारला आणि नंतर फक्त "हे" म्हणत राहिल्या. हे लवकर काढावं लागेल, हे नागपूरला होईल.

आता जे लिहितो ते रत्नाला अजून आवडत नाही. बाहेर आलो, रिपोर्टचं पाकीट काखेत धरलं आणि माझे पाय सरळ ठेल्याकडे गेले. ठेलेवाल्याने मला पाहून पन्नी हातात घेतलीसुद्धा. आम्ही दोघांनी खर्रा खाल्ला. तो माझा शेवटचा. त्याची चव लागली नाही असं लिहावंसं वाटतं, पण लागली.

घरी रत्ना लाखोळीची डाळ निवडत बसली होती. मी पाकीट तिच्यापुढे ठेवलं. तिने ते वाचलं, उलटून मागची कोरी बाजू पाहिली, पुन्हा वाचलं. रडली नाही. हात पुढे केला.

"डबी द्या."

"बाबाची आहे थे."

"मले माहीत आहे कोनाची आहे. तुमच्या बाबानं तुमाले मरण घडवून देल्लं, अन् तुमी तीस वर्सं थे छातीशी घेऊन फिरले."

मला इतका राग आला की रिपोर्टचं भय त्या क्षणापुरतं विसरलो. माझे बाबा या बाईला कधी उणं बोलले नव्हते. तिच्या बाळंतपणात त्यांनी स्वतः पाळणा केला होता. मी डबी तिच्या पुढ्यात आपटली आणि अंगणात जाऊन बसलो. ऑपरेशनसाठी नागपूरला निघायच्या सकाळी मी विचारलं, डबी कुठे ठेवली. ती म्हणाली, "चुलीत घातली." सावली ते उमरेड मी तिच्याशी बोललो नाही. त्या बसमध्ये मी आयुष्यात पहिल्यांदा प्रवासी म्हणून इतका लांब बसलो होतो, आणि माझं तोंड अजून अख्खं होतं, आणि मी ते बंद ठेवलं. त्या चार तासांचं मला आज फार वाईट वाटतं.

नळी आणि पाटी

ऑपरेशनविषयी मला काही सांगता येत नाही, मी झोपलेलो होतो. जागा झालो तेव्हा नाकात नळी, गळ्यात भोक आणि उशाशी प्रज्ञाने आणलेली शाळेची पाटी. बोलायचं नाही, लिहायचं. मला मरणाचं भय वाटत नव्हतं असं नाही, पण त्याहून मोठं भय आवाजाचं होतं. व्याहाड, सावली, मूल, चंद्रपूर असं मी रोज ओरडलो होतो. बाजाराच्या दिवशी गर्दीतून माझा आवाज मागच्या दारापासून ड्रायव्हरपर्यंत जायचा. तो गेला तर मी नक्की कोण, हे मला समजत नव्हतं. पाटीवर मी पहिला शब्द लिहिला तो "आवाज?" असा होता. डॉक्टर म्हणाले, येईल, पण पहिल्यासारखा नाही.

पाटीचा तोटा असा की भांडण लिहून करावं लागतं. मी अर्धं वाक्य लिहीपर्यंत रत्ना पाटी उचलून पुसून टाकायची.

नळीतून जेवण जातं ते सरळ पोटात, जिभेला काही कळत नाही. सगळं पातळ, एकाच रंगाचं. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी रत्नाने एक सुरू केलं. मोठी सिरिंज नळीला लावायची आणि हळूहळू सोडताना मला सांगायची, "आता वरण जाऊन राह्यलं. लसणाची फोडनी देल्ली हाये. आता भाताची पेज. थांबा, आता आंब्याचा रस हाये, घाई करू नका." तो रस नव्हता, दवाखान्याने दिलेली पावडर होती, मला डब्यावरचं चित्र दिसत होतं. पण ती अशी सांगायची की माझ्या तोंडाला पाणी सुटायचं, आणि ते पाणी गिळता येत नसल्यामुळे ओठातून गळायचं, आणि ती ते पदराने पुसायची. डबी जाळल्याचा माझा राग तिथे कुठेतरी गळून गेला. तसं मी पाटीवर लिहिलंही होतं. तिने वाचलं आणि नेहमीप्रमाणे पुसून टाकलं.

वॉर्डात झाडायला येणाऱ्या मावशी होत्या. त्यांना कुणीतरी सांगितलं की मी कंडक्टर आहे. त्या पहाटे लादी पुसत माझ्या खाटेशी आल्या की म्हणायच्या, "उठा मास्तर, गाडी लागली." मग मी दोन बोटांनी खाटेची दांडी दोनदा वाजवायचो. डबल बेल. गाडी सोडा. अशा गोष्टी रिपोर्टमध्ये लिहून येत नाहीत. तुमच्या घरचं कुणी दवाखान्यात असेल तर असं काहीतरी रोजचं, फालतू, शोधून ठेवा. फार कामी येतं.

नंतर रेडिएशनचे दिवस. तोंडावर जाळीचा घट्ट मुखवटा बसवून टेबलाला अडकवतात, हलायचं नाही. आत मी डोळे मिटून रस्ता म्हणायचो. गडचिरोली सुटली, वैनगंगेचा पूल आला, व्याहाड आलं, दोन बाया उतरल्या, एक कोंबडीवाला चढला. सावलीपर्यंत पोचलो की मशीन थांबलेलं असायचं. शेवटच्या दोन आठवड्यांत तोंड आतून असं सोलून निघालं की पाणी पिताना रडू यायचं. रडलो. लाजलो नाही. तुम्हीही लाजू नका.

आत्या आली

घरी येऊन महिना झाला असेल. बोलायला लागलो होतो, पण माझं बोलणं रत्ना आणि प्रज्ञाशिवाय कुणाला कळत नव्हतं. म्हणून मी बोलणंच कमी केलं. बाबांसारखा झालो, असं प्रज्ञा म्हणाली.

एका सकाळी चामोर्शीहून आत्या आली, बाबांची धाकटी बहीण. माझा चेहरा दोन्ही हातांत धरून तिने सगळीकडून पाहिला, जणू बाजारात भोपळा घ्यायचा आहे. मग चहा झाला. मग तिने माझ्या खिशाकडे पाहिलं.

"तुही डबी दिसत नाई गा कुठी?"

रत्ना आतून म्हणाली, "मी जाळली, आत्याबाई. मामाजीनं देल्ली तमाखूची डबी कायले ठेवाची घरात?"

आत्याने कपबशी खाली ठेवली.

"तमाखूची? माहा भाऊ तमाखूची डबी देईन का पोराले? तमाखूच्या वासानं त्याले ओकारी ये. कोनी सोयरा हातावर चोळाले लागला का हा उठून बैलापाशी जाऊन बसे. थे गळ्याची डबी होती, बाई."

"गळ्याची?"

"मोठ्या खनात खडीसाखर, लहान्या खनात लवंग. पोरगा दिवसभर बसमंदी बोंबलन, गळा बसन त्याचा, असं म्हनून केली त्यानं. माह्यासमोर दोन दिवस झाकन घासत बसला होता."

मी भिंतीला टेकून बसलो होतो तिथेच राहिलो. बाबा पहिल्या दिवशी दोन शब्द बोलले होते ते मला आठवले. "गळ्याले जपजो." आणि लवंगा आठवल्या. होत्या. चार-पाच लवंगा होत्या लहान कप्प्यात. मला लवंग आवडत नाही, म्हणून मूल यायच्या आधी मी त्या बसच्या खिडकीतून फेकल्या होत्या. मग रिकाम्या कप्प्यात रशीदभाऊंनी चुना पाहिला. त्यांचा काय दोष? आमच्याकडे दोन कप्प्यांची डबी कुणाच्याही हातात द्या, तो हेच म्हणेल.

"मंग त्यानं मले सांगतलं काऊन नाई?" मी विचारलं. आत्याला ते दुसऱ्यांदा म्हटल्यावर कळलं.

"कसा सांगन? पैल्या सुट्टीत तू घरी आला, चार लोकाइच्या समोर डबी काढली, म्हने माह्या बानं केली. तमाखूनं भरली होती. तो उठून बाहेर गेला. मले म्हने, पोरगा मिरवून राह्यला बाई, चार लोकात त्याले कायले हिरमुसवू? मंग सांगीन. असंच मंग-मंग करता करता गेला तो."

"अन् तू?"

"मले वाटलं, त्यानं सांगतलं असन."

हे म्हणताना आत्याच्या खालच्या ओठात तंबाखूची चिमूट होती. तिलाही ते त्याच वेळी लक्षात आलं असावं. ती अंगणात गेली, चूळ भरली आणि बराच वेळ नळाशी उभी राहिली.

रत्ना उठली. तांदळाच्या पिंपाचं झाकण काढून तिने कोपरापर्यंत हात आत घातला आणि डबी बाहेर काढली. तांदूळ झटकून ती माझ्या मांडीवर ठेवली.

"जाळाले घेतली होती," ती म्हणाली. "हातात धरली तं झाकन सरकलं. एवढं बरोबर केलेलं मानसाच्यानं जाळवते का? अन् मी मामाजीले काय काय बोलली हो."

मग ती रडली. रिपोर्टच्या दिवशीचं, ऑपरेशनच्या दिवशीचं, सगळं साठवलेलं तिने त्या सकाळी काढलं. मी तिचा हात धरून बसलो. काही बोललो असतो तरी नीट उच्चारता आलं नसतं, आणि या वेळी तरी त्याची गरज नव्हती.

काड्या

ऑपरेशन आणि रेडिएशननंतर जबडा आखडत जातो. तो उघडा राहावा म्हणून आइस्क्रीमच्या काड्यांची चवड दातांत घालायची आणि दर काही दिवसांनी एक काडी वाढवायची. हा व्यायाम कंटाळवाणा आहे, दुखतो, आणि तो सोडू नका. मी सहा काड्यांपासून सुरुवात केली. विकतच्या काड्या भिजून फुगायच्या, म्हणून एक दिवस बाबांची हत्यारांची पेटी उघडली आणि बांबूच्या काड्या तासायला बसलो. पटाशी, रंधा, कानस, सगळं तेल लावून कापडात गुंडाळलेलं होतं. बाबा गेल्यापासून चौदा वर्षांत मी ती पेटी उघडली नव्हती. काड्या करता करता हाताला चटक लागली, आणि मनात एक गोष्ट आली.

रशीदभाऊ रोज संध्याकाळी माझ्याकडे यायचे. खर्रा खायचा असला की उठून रस्त्यावर जायचे, माझ्यासमोर खायचे नाहीत. एवढी त्यांची माया. पण चहासोबत बिस्कीट दिलं की ते त्याचे बारीक बारीक तुकडे करून खायला लागले होते. हसताना तोंडावर हात धरायला लागले होते. मला दिसत होतं. मी रोज ठरवायचो की आज बोलू, आणि रोज गप्प बसायचो. आपल्याहून मोठा माणूस, तीस वर्षं जंगलातल्या वळणावळणांतून सुखरूप आणलं त्याने, त्याला काय तोंडात बोट घाल म्हणून सांगायचं? त्यात त्यांना असं वाटलं की पहिल्या दिवसाच्या त्या बोलण्याचा मी आता हिशेब मागतो आहे, तर? मंग सांगीन. माझ्या मनात अगदी हेच शब्द आले, आणि ते कुणाचे आहेत ते ऐकून मी रंधा खाली ठेवला.

मी डबी करायला घेतली. शिवणीचा तुकडा आरा मशीनवाल्याने दिला. पहिली डबी फुटली. दुसरीचं झाकण आत गेलं ते बाहेर येईना, रत्नाने ते विळ्याने काढलं. तिसरी जमली म्हणायची. एका बाजूने जरा तिरकी आहे, झाकण अर्ध्यात अडखळतं. बाबांनी पाहिली असती तर काही बोलले नसते, उचलून पुन्हा घासायला बसले असते. आत दोन कप्पे केले. रत्नाने मोठ्यात खडीसाखर भरली. लहानात लवंगा भरणार होती, तर घरातल्या संपलेल्या. म्हणाली, उद्या आणते. पण मला आता उद्यापर्यंत थांबायचं नव्हतं.

तोंड उघडा

रशीदभाऊ आले. मी डबी त्यांच्या हातात दिली. त्यांनी झाकण सरकवलं, ते अडखळलं, पुन्हा सरकवलं.

"तू बनवली? क्या बात है! बाप का बेटा!" त्यांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. त्यांनी खडीसाखरेचा एक खडा उचलून बाजूला केला, मग रिकाम्या लहान कप्प्यात बोट फिरवलं. "अन् चुन्याले घर पन ठेवलं गा! तुले आठवन हाये?"

रत्ना दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. आणि मी पाहत होतो तो रशीदभाऊंचा आनंद. त्याच क्षणी मला बाबा पुरते समजले. एवढं खूश झालेलं माणूस समोर असताना नाही म्हणणं सोपं नाही. अंगणात बैल असता तर मीही उठून गेलो असतो.

"नाई, रशीदभाऊ," मी म्हणालो. माझा एकेक शब्द अर्धवट निघत होता, म्हणून मी तो पुन्हा पुन्हा म्हटला, कंडक्टर जसा गर्दीत थांब्याचं नाव तीनदा सांगतो तसा. "चुन्याची नोहे. खर्ऱ्याची नोहे. इथी साखर, इथी लवंग. गळ्यासाठी. माह्या बाची बी तशीच होती. आपल्या दोघाइले समजलं नाई."

आत्याचं सगळं बोलणं मग रत्नाने त्यांना सांगितलं, कारण माझा दम संपला होता. ऐकता ऐकता ते डबीकडे बघत राहिले.

"पैल्या दिवशी मीच बोललो होतो," ते हळूच म्हणाले.

"हो. अन् मी भरली. तोंड उघडा."

"कायले?"

"तीन बोटं टाका."

"अरे, चुन्यानं भाजलं हाये जरासं. पंधरा दिवस झाले. बरं होऊन राह्यलं."

रत्नाने डोळे मिटून घेतले. मी उठलो, त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि माझं वाकडं तोंड जेवढं उघडतं तेवढं उघडून दाखवलं. चौदा काड्यांएवढं. आतली छातीची कातडी, केस, दात नसलेली बाजू, सगळं. घरच्यांशिवाय कुणाला मी ते दाखवलं नव्हतं. रशीदभाऊंनी पाहिलं. मग त्यांनी आपलं तोंड उघडलं आणि बोटं वर नेली. एक गेलं. दुसरं दातांवर अडलं.

"उद्या सकाळची गाडी," मी म्हणालो. हे वाक्य त्यांना एका झटक्यात कळलं.

नागपूरला त्यांचं काय निघालं आणि पुढे काय झालं, ते त्यांचं आहे, लिहायचं तर त्यांनी लिहावं. ते मला अजून रोज संध्याकाळी शिव्या देतात, एवढं सांगतो.

त्या सकाळी गाडीवर एक नवी कंडक्टर मुलगी होती. मी दोन नागपूर मागितली तर तिला कळेना, शेवटी रशीदभाऊंनी सांगितलं. बस सुटली. ते खिडकीपाशी, मी शेजारी. दोघंही गाडी चालवत नव्हतो, दोघांनाही हातांचं काय करावं ते सुचत नव्हतं. मूलच्या स्टँडवर गाडी पाच मिनिटं थांबली तेव्हा ते खाली उतरले आणि किराण्याच्या दुकानाकडे गेले. मला वाटलं, ठेल्यावर गेले. परत येऊन बसले, खिशातून माझी तिरकी डबी काढली, झाकण दोन झटक्यांत सरकवलं. लहान कप्पा लवंगांनी भरला होता. एक त्यांनी तोंडात टाकली आणि डबी माझ्यापुढे धरली.

"घे, कंडक्टर."

मला लवंग आवडत नाही. त्यात माझं तोंड आतून अजून कोवळं होतं, ती अशी झोंबली की डोळ्यांतून पाणी आलं. खिडकी उघडीच होती. पण मी ती लवंग मूलपासून सिंदेवाही येईपर्यंत तोंडात धरून ठेवली.